छप्पन्न अंशांची संध्याकाळ

३० मे २०२४, गुरुवार. नवतपाचा सहावा दिवस. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगते: सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस, म्हणजे साधारण २५ मे ते २ जून, हा आमचा नवतपा. या दिवसांत भर दुपारी नागपूरचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे दिसतात. दुचाकीवरचा प्रत्येक माणूस दुपट्ट्यात डोकं-तोंड गुंडाळून दरोडेखोरासारखा हिंडतो आणि घरातल्या कूलरच्या घरघरीत दाराची बेल ऐकू येत नाही. अशा दिवशी संध्याकाळी पावणेसहाला माझ्या मोबाइलवर एक स्क्रीनशॉट आला. हवामानाच्या आकड्यांचा तक्ता, त्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राची ओळ आणि कमाल तापमानाच्या रकान्यात ५६.

त्या आकड्याचं पुढच्या दोन दिवसांत काय झालं, आम्ही काय बरोबर केलं आणि मी काय चुकवलं, ते इथे मांडते आहे. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण मी दोन-तीनदा सांगितलं आहे. दरवेळी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, म्हणजे शेवटी तुमचंच खरं निघालं ना?" गोची तिथेच आहे.

वाटून उरलेली बीट

बीट म्हणजे बातमीदाराच्या वाट्याला आलेले विषय. पाणी, जंगल आणि हवामान ही बीट वर्तमानपत्रात कोणी भांडून घेत नाही. गुन्हे, महापालिका, राजकारण, शिक्षण असं सगळं वाटून झालं की पातेल्याच्या तळाशी उरतं ते. मला ती तशीच मिळाली आणि पुढे पंधरा वर्षं सुटली नाही. या बीटचं स्वतःचं पंचांग असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटे जंगलात शिरतात आणि वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या सुरू होतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला पाणवठ्यावरच्या मचाणीवर रात्र. नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना कूलर लावल्याचा फोटो तर दरवर्षी ठरलेला, आणि दरवर्षी माझ्या सगळ्या बातम्यांपेक्षा तोच जास्त पाहिला जातो. जूनमध्ये मान्सून कुठे अडला, जुलैत शहराला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचा टक्का, हिवाळ्यात कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख.

या सगळ्यात एक धागा सारखा आहे. वाघ आपल्याला दिसत नाही, त्याच्या गळ्यातल्या कॉलरचा सिग्नल दिसतो. धरण दिसत नाही, टक्का दिसतो. ऊन तर अंगावर घेतो आपण, पण छापायला पारा लागतो. म्हणजे आमची अर्धी नोकरी कुठल्या तरी यंत्राचं म्हणणं लोकांपर्यंत नेण्याची. आणि यंत्राने काय सांगितलं यापेक्षा ते कोणाला, कुठे बसून, किती उशिरा सांगतंय हे विचारायला शिकेपर्यंत माझी बरीच वर्षं गेली.

पहिल्यांदा तोंडावर आपटले ती 'जय'च्या वेळी. नागझिऱ्यातून निघून शंभराहून जास्त किलोमीटर शेतं, रस्ते आणि वैनगंगा ओलांडून हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला होता. धिप्पाड, देखणा, माणसांच्या गाड्यांना न बुजणारा. पर्यटक त्याच्यासाठी लांबून येत. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती आणि १८ एप्रिल २०१६ नंतर तिचा सिग्नल येणं थांबलं. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या: कॉलर बोलायची थांबली आणि वाघ दिसायचा थांबला. बातम्यांमध्ये, माझ्याही, त्यांची लगेच एकच गोष्ट झाली. मग अफवांचं पीक आलं. कोणी म्हणे विहिरीत पडला, कोणी म्हणे शिकार झाली, कोणी म्हणे अमक्या नाल्यात पाणी पिताना दिसला. पवनीकडच्या एकाने मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवला आणि मी आनंदाने बातमी दिली, की जय जिवंत आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, दोघांचे कधी जुळत नाहीत. जुन्या फोटोशी ते ताडून पाहायला मला अर्धा तास लागला असता. तेवढी सवड मी घेतली नाही. तो दुसराच वाघ होता. जय कधीच सापडला नाही. पुढच्या वर्षी त्याचा छावा श्रीनिवास नागभीडकडे शेतातल्या विजेच्या तारेला लागून मेला, ती बातमी मात्र मी तीनदा तपासून दिली. त्याचा जयला काय उपयोग म्हणा.

२०१९चं सांगायचं तर दोन ओळी पुरतील. पेंच नदीवर वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झालं, पाऊसही रुसला आणि तोतलाडोहचा उपयुक्त साठा शून्यावर आला. जुलैत शहराला दिवसाआड पाणी. "धरणात शून्य टक्के पाणी" असं मी लिहिलं आणि लोकांना वाटलं तळ उघडा पडला. प्रत्यक्षात शहर मृतसाठ्यावर जगत होतं, म्हणजे पाणी होतं, फक्त टक्क्याच्या हिशेबाखाली होतं. सप्टेंबरात धरण भरून दरवाजे उघडावे लागले. आकडा खरा होता, अर्थ मी अर्धा सांगितला.

पावणेसहा ते साडेसात

परत त्या गुरुवारकडे येते. स्क्रीनशॉट पाठवणारा आमचाच नवा मुलगा, बीटवर येऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. हुशार आहे, आकड्यांना घाबरत नाही. मी त्याला फोन लावेपर्यंत आमच्या पोर्टलच्या डेस्कने मथळा चढवून टाकला होता: नागपूर ५६ अंशांवर, देशातला उच्चांक! मी संपादकांना फोन केला.

"सर, हे उतरवा. निदान प्रश्नचिन्ह तरी टाका."

"ताई, सगळे देऊन राहिले. आपण एकटे काय सोवळ्यात बसायचं?"

"मला एक तास द्या."

"अर्धा," ते म्हणाले, आणि मथळा तसाच राहिला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पोर्टलवर मिनिटाला वाचक मोजले जातात आणि ते मोजणारा माणूस संपादकांच्याही वर बसतो. पण प्रकरण समजून घ्यायचं तर हे मांडायलाच हवं, की त्या संध्याकाळी आमच्यासमोर "द्यायचं की नाही" हा प्रश्न उरलाच नव्हता. देऊन झालं होतं. आता प्रश्न मागे घ्यायचं का, एवढाच होता. आणि मागे घेणं हे न देण्यापेक्षा फार अवघड असतं.

मला संशय का आला? साधी तुलना. हवामान खात्याच्या नोंदीतलं नागपूरचं आजवरचं सर्वांत जास्त तापमान ४७.९ अंश, २३ मे २०१३चं. अख्ख्या भारताचा उच्चांक ५१, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६चा. जगाचा उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १९१३ मध्ये नोंदला गेलेला ५६.७. ५६ दाखवणारं केंद्र होतं शहरातल्या रामदासपेठेचं. म्हणजे रामदासपेठेने एका दुपारी फलोदीला पाच अंशांनी मागे टाकलं आणि डेथ व्हॅलीच्या खांद्याला खांदा लावला, असं त्या तक्त्याचं म्हणणं. रामदासपेठ. जिथे त्याच दुपारी दवाखान्यांसमोर गाड्या लावायला जागा नव्हती.

मी हे सगळं त्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पण मॅडम, कॅनडात लिटनला झालंच ना? २०२१ मध्ये?"

खरं सांगते, मी गप्प झाले. तो बरोबर बोलत होता. जून २०२१ मध्ये लिटन नावाच्या त्या छोट्या गावाने ४९.६ अंश नोंदवले, तेव्हा कॅनडाचा जुना उच्चांक ४५ होता. एरवी उच्चांक दशांशाने मोडतात, तिथे साडेचार अंशांनी मोडला. हवामान बदलाच्या काळात "असं कधी झालंच नाही" हा पुरावा धरता येत नाही. मी स्वतः भाषणांमध्ये हेच सांगत आले आहे. आणि माझ्या मनात आणखी एक बोच होती, ती त्याला माहीत नव्हती.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट. रात्री दोनच्या सुमाराला अंबाझरी लेआउटमधल्या एका ओळखीच्या ताईंचा फोन आला होता, "बाई, पाऊस असा कधी पाहिला नाही, पाणी गेटात आलं." मी म्हटलं, रात्रीचा पाऊस नेहमीच मोठा वाटतो, सकाळी साडेआठला वेधशाळेचा अधिकृत आकडा येऊ दे. मी कड बदलली. चार तासांत शंभराहून जास्त मिलिमीटर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठावरच्या घरांमध्ये शिरली, मोरभवनचा बस थांबा पाण्यात गेला, माणसं गेली. माझी एक बातमी काही कोणाला वाचवणार नव्हती, हे मला कळतं. तरी अधिकृत आकड्याची वाट पाहणारी मी आणि गेटातलं पाणी डोळ्यांनी पाहणाऱ्या त्या, यातलं खरं यंत्र कोण होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

म्हणजे जयच्या वेळी मी फार लवकर विश्वास ठेवला आणि अंबाझरीच्या वेळी फार उशिरा. ५६च्या वेळी माझ्या खिशात दोन्ही चुका होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध सल्ला देत होत्या.

शेजारी काय म्हणतो

अशा वेळी मी एका काकांना फोन करते. वेधशाळेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर पहाटे आणि संध्याकाळी पेटी उघडून पारा वाचलेला माणूस. पेटी म्हणजे ती पांढरी, झरोक्यांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, दार उत्तरेकडे, म्हणजे उघडली तरी ऊन आत पडत नाही. तिच्यातल्या कमाल तापमापकाच्या नळीला एक बारीक गळा असतो. पारा वर चढतो, पण आपल्या आपण खाली उतरत नाही, म्हणून दुपारचा आकडा संध्याकाळी साडेपाचलाही वाचता येतो. आई घरात ताप मोजायची त्या जुन्या काचेच्या थर्मामीटरसारखंच.

काका म्हणाले, "पहिले शेजाऱ्याला विचारा. एकट्या घराला कधी एवढी गरमी होत नाही."

शहर आणि परिसरातल्या चार स्वयंचलित केंद्रांचे त्या दिवशीचे आकडे आम्ही पुढ्यात घेतले. रामदासपेठेजवळ उत्तर अंबाझरी मार्गालगत कृषी विद्यापीठाच्या शेतातलं केंद्र: ५६. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातलं: ५४. वर्धा मार्गावर खापरीजवळ, कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं: ४४. रामटेकचं: ४४.

"दोन-दोन मतं पडली, मॅडम," मुलगा म्हणाला. हे मला अपेक्षित नव्हतं. एकच केंद्र वेड्यासारखं बोलत असतं तर सोपं होतं. इथे दोघं मिळून बोलत होते.

कोंडी फुटली ती सोनेगावमुळे. त्याच परिसरात माणसाने वाचायची पेटीही आहे. स्वयंचलित यंत्र ५४ म्हणत होतं आणि तिथला पारा पंचेचाळिशीच्या आसपासच थांबलेला होता. एकाच आवारात, एकाच उन्हात दोन हवा असू शकत नाहीत. आणि सोनेगावचं यंत्र चुकत असेल, तर त्याच जातीचं दुसरं यंत्र रामदासपेठेत चुकायला हरकत कसली? लिटनची शंकाही इथेच सुटली. लिटनचा आकडा एका दुपारी आभाळातून पडला नव्हता. २७ जूनला ४६.६, २८ला ४७.९, २९ला ४९.६ अशा तीन पायऱ्या चढत तो गेला होता आणि आजूबाजूची केंद्रंही त्याच्यासोबत चढली होती. आमच्या ५६ला ना पायऱ्या होत्या, ना सोबत.

आणखी एक गोष्ट आदल्या दिवशीची. दिल्लीत मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने २९ मे रोजी ५२.९ दाखवले होते आणि संध्याकाळीच हवामान खात्याने सांगितलं होतं की सेन्सरची चूक असू शकते, तपासतो आहोत. चोवीस तासांपूर्वीचा हा धडा सगळ्या देशाने वाचला होता. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा त्याच पायरीवर घसरलो. स्पर्धेचं गणित असं, की काल घसरलेल्याला शिक्षा होत नाही आणि आज सावरलेल्याला बक्षीस मिळत नाही.

सव्वासातला मी त्या मुलाला घेऊन रामदासपेठेत गेले. केंद्राजवळ अर्थातच जाता आलं नाही, कुंपणाबाहेरूनच शेत पाहिलं. कोपऱ्यावर उसाच्या रसाची गाडी होती. त्याला विचारलं, आज दुपारी काही वेगळं जाणवलं का.

"काहून? कालच्यासारखंच होतं. काल जरा हवा तरी होती."

"मोबाइलवर छप्पन्न दाखवून राहिले."

तो चरकात ऊस घालता घालता थांबला. "छप्पन्न असतं तर ताई, मी इथं उभा राहिलो असतो काय?" मग त्याने स्वतःहून सांगितलं, की बर्फाची लादी रोज चारपर्यंत पुरते, आजही चारपर्यंतच पुरली. मी हे डायरीत लिहून घेतलं. मुलगा हसला. हसू दे. शास्त्र म्हणून ते काहीच नाही, पण बातमीदार म्हणून माझ्याकडे त्या कोपऱ्यावरचं दुसरं यंत्र नव्हतं.

इथे एक पोटतक्रार. नागपुरात मे महिन्यात प्रत्येक माणूस आपल्या गाडीच्या काचेआडून डॅशबोर्डचा फोटो काढून पाठवतो: बघा, ४९! गाडीचा तापमापक असतो रस्त्यालगत, बंपरच्या आसपास. तो तापलेल्या डांबराची आणि इंजिनाची हकिकत सांगतो. हवेचं तापमान सावलीतलं मोजायचं असतं, वारा खेळता ठेवून. उन्हात ठेवलेलं यंत्र उन्हाने स्वतः किती तापलं एवढंच सांगतं. हे मी दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी तेवढेच फोटो येतात.

आठ वाजून दहा मिनिटांनी पोर्टलचा मथळा बदलला. छापील अंकाच्या पहिल्या पानावर माझा मजकूर गेला: नागपूर पंचेचाळिशीच्या घरात, ५६च्या नोंदीवर शंका. त्यात चारही केंद्रांचे आकडे, पेटी आणि यंत्र यातला फरक, मुंगेशपूर. पण पहिल्या मथळ्याचे स्क्रीनशॉट तोवर सोसायट्यांच्या, गोतावळ्यांच्या ग्रुपवर पोहोचले होते. माझ्या मावशीने पुण्याहून फोन करून विचारलं, "जिवंत आहेस ना गं?"

पुढे खात्याने स्पष्टच केलं, की नागपूरच्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता आणि ५६ हा आकडा बरोबर नाही. मुंगेशपूरच्या यंत्रातही तीन अंशांची चूक निघाली.

माझी चूक

विद्यार्थ्यांना सांगताना इथे थांबलं की टाळ्या पडतात. म्हणून मी थांबत नाही.

खात्याचा खुलासा आला त्या दिवशी मला चढली होती, हे कबूल करते. सगळे घसरले, आपण उभे राहिलो. मी जी पुढची बातमी लिहिली तिचा मथळा मीच सुचवला: यंत्रालाच उष्माघात! मजकूर चुरचुरीत. डेथ व्हॅलीची गंमत, रसवाल्याचा संवाद, सगळं त्यात. लोकांनी डोक्यावर घेतला. ५६च्या मथळ्याइतके नाही, पण माझ्या कोणत्याही बातमीपेक्षा जास्त वाचक.

दोन दिवसांनी मी मनीषनगरकडे एका इमारतीच्या बांधकामावर गेले. दुपारी बारा ते चार कामं बंद ठेवा अशा सूचना उन्हाळ्यात निघतात. त्या पाळल्या जातात का, हे बघायचं होतं. पावणेदोनला रेजा, म्हणजे मजूर बाया, घमेली उचलत होत्या. मुकादमाला विचारलं, तर तो माझ्याकडे बघून हसला.

"मॅडम, ते तर खोटं निघालं ना. पेपरातच आलं, मशीनच बिघडलं होतं म्हणून."

मी म्हटलं, "छप्पन्न खोटं. पंचेचाळीस खरं आहे."

"पंचेचाळीस तर दरसाल राहते."

त्याने माझीच बातमी वाचली होती. मला काय बोलावं सुचेना. माझ्या चुरचुरीत मजकुरात एक वाक्य नव्हतं: की मैदानी भागात ४५ अंशांना पारा पोहोचला तर हवामान खात्याच्या निकषाने तीच उष्णतेची लाट असते, आणि ४७ला तीव्र लाट. सरासरी काहीही असो. म्हणजे ज्या आकड्याला मी "खरं तर एवढंच" म्हणून खाली बसवलं, तोच धोक्याचा आकडा होता. ५६ने खरा ४५ गिळला होता आणि ५६ला हसून मी तो दुसऱ्यांदा गिळायला लावला.

शिवाय मी यंत्राला हसले, त्याचाही एक परिणाम झाला. स्वयंचलित केंद्रं ही काही चैन नाही. माणूस बसवलेल्या वेधशाळा थोड्या, त्यांचे आकडे ठरलेल्या वेळीच येतात. अंबाझरीच्या रात्री शहराला नेमका तासातासाचा, वस्तीवस्तीचा आकडा हवा होता आणि तो अशाच यंत्रांकडून मिळू शकतो. त्यांची गरज असते ती नियमित देखभालीची आणि पडताळणीची, म्हणजे कोणीतरी तिथे जाऊन शेजारी दुसरं यंत्र ठेवून ताडून बघण्याची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर बातमी होत नाही. मी ती करू शकले असते. त्याऐवजी "हवामान खात्याचं काही खरं नसतं" या नागपुरी कट्ट्यावरच्या जुन्या विनोदाला मी ताजी फोडणी दिली.

भिंत

त्यानंतरच्या आठवड्यात मी जे लिहिलं ते फारसं वाचलं गेलं नाही, पण या प्रकरणातला माझ्या मते तोच महत्त्वाचा भाग आहे.

नाग नदीकाठच्या एका वस्तीत मी तीन रात्री गेले. टिनाच्या छताची घरं, एक खोली, एक खिडकी. रात्री अकराला बाहेर जरा बरं वाटत होतं. आत शिरलं की भट्टीचं तोंड. घरातल्या ताईंनी माझा हात धरून भिंतीला लावला. चटका बसला नाही, पण तापलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी ती भिंत होती. दिवसभर प्यालेलं ऊन ती रात्रभर बाहेर टाकत होती. कूलर होता, पण पाणी एक दिवसाआड टँकरने यायचं. कूलरला पाणी द्यायचं की प्यायला ठेवायचं, हा रोजचा हिशेब. विदर्भाची हवा कोरडी म्हणून इथे कूलर चालतो, नाहीतर समुद्राकाठी तो कामाचा नाही. पण कूलरला पाणी लागतं, आणि इथे ऊन आणि पाणी या माझ्या दोन बीट एकाच बादलीत येऊन बसल्या.

उष्माघाताच्या बातमीत आपण दुपारचा कमाल आकडा देतो. शरीराला मात्र रात्री थंड व्हायला सवड मिळाली की नाही, यावर बरंच काही ठरतं. किमान तापमान तिसाच्या वर राहिलं की ती सवड जाते, आणि टिनाखाली तर ते खोलीतलं किती असेल ते कोणतंच केंद्र मोजत नाही. केंद्र मोकळ्या मैदानात असतं, झरोक्यांच्या पेटीत. त्या ताईंच्या घराला झरोका एकच होता आणि त्याला मच्छरांसाठी पुठ्ठा लावलेला.

मग मृत्यूंचा हिशेब. उन्हाळ्यात सरकारी यंत्रणा उष्माघाताचे रुग्ण आणि मृत्यू मोजते, पण "संशयित" आणि "निश्चित" असे दोन रकाने असतात. माणूस रस्त्यावर पडला, दवाखान्यात आणेपर्यंत अंग गार झालं, ताप मोजलाच गेला नाही, तर उष्माघात सिद्ध कसा करायचा? समिती बसते, कागद पाहते, बऱ्याचदा हृदयविकार किंवा इतर कारण लिहिलं जातं. हे लपवणं असतंच असं नाही. अनेकदा खरोखरच सांगता येत नाही. फूटपाथवर झोपणाऱ्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाच्या बाबतीत तर त्या दिवशी तो कुठे, किती वेळ उन्हात होता, हे सांगणारं कोणी नसतं. इथे पुन्हा तेच: यंत्र नव्हतं म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून मथळा नाही.

ही बातमी पाचव्या पानावर चार स्तंभांत आली. मथळ्यात एकही आकडा नव्हता. संपादक म्हणाले, "ताई, चांगलं आहे, पण आकडा पाहिजे होता." त्यांचं खोटं नव्हतं. मी स्वतः पंधरा वर्षं आकड्यांवर भाकर खाल्ली आहे.

डायरी

तो मुलगा आता दुसरीकडे गेला आहे, पगार बरा आहे म्हणे. जाताना त्याची डायरी माझ्याकडे राहिली. त्याने त्या जून महिन्यात तिच्यात पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: आकडा, कुठलं यंत्र, शेजारी काय म्हणतो, कोणी वाचला. पुढच्या उन्हाळ्यात मी तीच वापरायला घेतली. धरण, पाऊस, पाणवठे, सगळं तिच्यातच.

मे महिन्यात एका संध्याकाळी त्या वस्तीतल्या ताईंचा फोन आला. मागच्या वर्षीचं कात्रण त्यांनी आरशामागे लावलं होतं, ते टिनातून गळलेल्या पाण्याने खराब झालं. दुसरं मिळेल का, असं विचारत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "औंदा भिंत मागच्यापेक्षा जास्त गरम लागून राहिली ताई. दोनदा पाणी मारलं, तरी."

मी डायरी उघडली. आकडा या रकान्यात काय लिहायचं कळेना, तो कोरा ठेवला. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: हात.